टोचणारी कवळी

काल एक म्हातारी मी केलेली कवळी घेऊन दुकानात आली. म्हणाली, “डावीकडं टोचतंय.” सोबतचा नवरा खेकसला, “सवय होईल गं, किती कुरकुर!”

मी म्हटलं, “अहो, तोंड त्यांचं आहे, तुमचं नाही.” हिरडीवर लाल ठिपका दिसला. कवळीची तेवढी जागा घासून दिली. दोन मिनिटांचं काम.

परक्याचं दुखणं लगेच कळतं, घरच्याचं दुखणं मात्र नुसती कुरकुर वाटते. बायकोची कवळीही मीच केली होती. ती टोचतंय म्हणाली, की मीही असाच खेकसायचो. मग तिनं सांगणंच सोडलं. ती वारल्यावर कवळीवरून बोट फिरवलं, तर आतून कंगोरा लागला.

चार वर्षं ती भाकरी दुधात कुस्करून खायची. मला वाटायचं, तिला तशीच आवडते.