एकशे चौसष्टावं पाऊल

शेखसाहेबांच्या तोंडून मी ऐकलेला शेवटचा शब्द म्हणजे एक आकडा. एकशे चौसष्ट. मी तो पेन्सिलीने कागदावर लिहिला, पुढे फुली मारली आणि थर्मासमधला चहा कपात ओतून घेतला. त्याला आता सात आठवडे होतील. माणूस गेला की त्याच्या आठवणीने रडू यावं. मला मात्र आधी भीती वाटते, रडू त्यानंतर येतं. असं का होतं, ते सांगण्यासाठीच हा लेख लिहिते आहे.

रशीद शेख पोलिसांच्या बिनतारी विभागातून निवृत्त झालेले. आपल्या जिल्ह्यात पोलीस, अग्निशमन दल आणि रुग्णवाहिका यांच्यासाठी वेगळं वायरलेस ब्रॉडबँडचं जाळं उभारायचं ठरलं, तेव्हा नियोजनाच्या कामावर इंजिनिअर म्हणून मी होते आणि सल्लागार म्हणून ते आले. काम समजायला सोपं आहे. मोठा अपघात झाला, पूर आला, की जो तो खिशातून मोबाईल काढतो आणि नेमका तेव्हाच कुणाचा फोन लागत नाही. निदान मदतीला धावणाऱ्यांची वाट मोकळी राहावी, त्यांना एकमेकांशी बोलता यावं, जागेवरचं चित्र, नकाशा पाठवता यावा, म्हणून त्यांचं स्वतःचं जाळं. त्याचे मनोरे कुठे उभे करायचे हे ठरवायचं, तर आवाज कुठे पोचत नाही ते आधी शोधायला हवं. मला वाटलं होतं, ते संगणक शोधून देईल. पहिल्याच दिवशी शेखसाहेब माझ्या टेबलाशी आले, पडद्यावरचा हिरवागार नकाशा त्यांनी बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "छान आहे. पण इथे जाऊन कोण आलंय?" मला राग आला. खरं सांगायचं तर पुढचे कित्येक महिने मला त्यांचा अधूनमधून रागच येत होता.

फार भित्रा माणूस. हे मी प्रेमाने लिहिते आहे, त्यांना स्वतःलाही ते मान्य होतं. गाडीत बसले की दार आतून उघडतं ना, ते आधी बघणार. खिशात एक टॉर्च, पिशवीत दुसरी. घरून निघताना बायकोला, आमच्या भाभींना, सांगून निघणार, पोचल्यावर फोन करणार, आणि भाभींनी तो लगेच उचलला नाही तर चेहरा असा करणार की समोरच्याचा घास घशातच राहावा. आम्ही त्यांची चेष्टा करायचो. आमचे ड्रायव्हर भाऊसाहेब पाथर्डीकडचे, ते तर तोंडावर विचारायचे, "साहेब, तुमी पोलिसात टिकला कसं वो?" शेखसाहेब शांतपणे सांगायचे, "घाबरून."

त्या भीतीमागे एक गोष्ट होती, ती त्यांनी एकदा जेवणाच्या सुट्टीत सांगितली. नोकरीची पहिलीच वर्षं. नदीला पूर आलेला आणि हे काठावरच्या ठाण्यात संचापुढे बसलेले. पलीकडच्या गावातला एक शिपाई सारखा बोलत होता. पाणी पायरीला लागलं... पाणी उंबऱ्यावर आलं... मी टेबलावर चढलोय... आणि तेवढ्यात सगळी ठाणी एकदमच बोलायला लागली. चॅनल एक आणि तोंडं वीस. त्या कलकलाटात तो आवाज जो गेला तो पुन्हा सापडलाच नाही. "तीन दिवस, बेटा, त्याच्या घरच्यांना काय सांगायचं ते मी पाठ करत होतो. चौथ्या दिवशी तो ट्रॅक्टरवर बसून आला आणि मलाच शिव्या घातल्या. म्हणाला, झोपला होतास का?" आम्ही हसलो, तेही हसले. मग डब्याचं झाकण लावता लावता म्हणाले, "तो वाचला. पण मधले तीन दिवस माझे गेले ते गेलेच." तेव्हा मला हे जरा जास्तच वाटलं होतं. आता वाटत नाही.

जागा तपासायची त्यांची एक पद्धत होती. जीपवर तात्पुरता मास्ट, म्हणजे अँटेनाचा उंच खांब, उभा करायचा. एकाने हँडसेट घेऊन चालत निघायचं आणि प्रत्येक पावलाला आकडा मोठ्याने म्हणायचा. दुसऱ्याने जीपजवळ कागद घेऊन बसायचं. आवाज तुटला की शेवटचा ऐकू आलेला आकडा लिहायचा आणि गप्प थांबायचं. चालणारा थांबत नाही, तो मोजत पुढे जातो, आणि आवाज न पोचणाऱ्या जागेतून पलीकडे निघाला की आकडा पुन्हा ऐकू येतो. दोन आकड्यांमधली वजाबाकी, तेवढं ते भोक. मधे बोलायचं नाही, मोजणी चुकते, हा त्यांचा कडक नियम. या पद्धतीने आम्ही उन्हाळ्यात निम्मा जिल्हा पायाखाली घातला. हिवरे बाजारच्या टेकड्यांवर तर भर दुपारी मोजलं, तिथल्या एका आजींनी ही माणसं नक्की काय हरवलंय म्हणून शोधतायत, असं भाऊसाहेबांना बाजूला घेऊन विचारलं होतं.

नकाशा झाला, अहवाल झाला, आणि शेखसाहेबांनी प्रकल्पाच्या सगळ्या समितीसमोर हात वर केला. "उसाचं काय?" आम्ही मोजणी केली एप्रिल-मे महिन्यांत. कारखान्यांचा हंगाम उरकलेला, रानं मोकळी. त्यांचं म्हणणं, पावसाळ्यानंतर तिथेच दीड पुरुष उंचीचा ओला ऊस उभा असतो, त्याच्या आत शिरलेल्या माणसाचा आवाज बाहेर येईल का? उसाला आग लागली, बिबट्याने कुणाला ओढून नेलं, तर मदतीला गेलेली माणसं आतच असणार. सगळ्या जिल्ह्याला ऊस कधी उभा असतो ते ठाऊक, आणि सगळी मोजणी आम्ही ऊस नसताना केली! समितीत कुणीतरी हसलं. मीही हसले. अहवाल वेळेत द्यायची घाई मला होती. पण ते आठवडाभर माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले, शेवटी उभ्या उसात चार ठिकाणी फेरमोजणी करायची परवानगी मिळाली.

पहिलं ठिकाण बेलापूरच्या पुढचं. आदल्या दिवशी पाऊस पडून गेला होता, पाती अजून ठिबकत होती. त्या दिवशी चालायची पाळी माझी होती. रस्त्यावर भेटलेल्या एकाने सांगितलं, याच रानात चार दिवसांपूर्वी बिबट्या दिसला होता. मी हँडसेट हातात घेतला, उसातल्या बांधाच्या वाटेकडे पाहिलं... दहा पावलांवर नुसता हिरवा अंधार. माझे पाय उचलेनात. शेखसाहेबांनी माझ्या हातातून हँडसेट घेतला. मी म्हटलं, "तुम्ही तर माझ्यापेक्षा जास्त घाबरता." म्हणाले, "म्हणून तर मी नीट बघून चालेन." आणि आत गेले.

एक, दोन, तीन... शंभरपर्यंत स्वच्छ. एकशे चाळीसनंतर आवाज जड झाला. दोन आकड्यांच्या मधे दम ऐकू यायला लागला. चिखल असेल, वय झालंय, असं माझ्या मनात आलं. विचारलं नाही. मधे बोलायचं नाही ना! एकशे त्रेसष्ट. बरंच थांबून एकशे चौसष्ट. मग काही नाही. मी लिहिलं, फुली मारली. म्हातारा बरोबर निघाला, उसात आवाज खरंच मरतो, असा विचार आला आणि थोडा रागही आला. चहा प्याले. आता दोनशेच्या पुढे कुठेतरी निघतील म्हणून कान देऊन बसले. थोड्या वेळाने भाऊसाहेब म्हणाले, "मॅडम, लई येळ झाला." मी म्हटलं, "निघतील पलीकडं. भोक मोठं असणार." आणखी थोड्या वेळाने ते माझं न ऐकता आत पळाले. त्यांचं अर्धं आयुष्य ऊसतोडीत गेलेलं, ते वाऱ्यासारखे गेले. आतून त्यांची हाक आली ती हँडसेटवरून नाही, नुसत्या तोंडाने मारलेली... ती हाक कशी होती हे मला लिहिता येणार नाही.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, हृदयविकाराचा झटका मोठा होता. मी विचारलं, वीस मिनिटं आधी आणलं असतं तर? त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, असं सांगता येत नाही.

मातीला सगळे आले होते. जो तो एकच म्हणत होता, काय दैव बघा, ज्या गोष्टीसाठी धडपडले तिनेच घात केला, नेमकी तिथेच रेंज नव्हती. भाभींनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "आवाजच येत नव्हता, त्यात तुझा काय दोष?" समितीने एक जादा मनोरा मंजूर केला. कुठे, तर माझ्या फुलीवर. सगळे हळहळले, कुणी डोळे पुसले. मी मान खाली घालून बसले होते, कारण एक प्रश्न माझ्या मानगुटीवर बसला होता. आवाज तुटला होता, की माणूस? कागदावर दोन्ही सारखंच दिसतं. ते हाका मारत राहिले आणि माझ्यापर्यंत काही पोचलं नाही, की सगळं पोचत होतं आणि पोचवायलाच कुणी उरलं नव्हतं? झोपताना, जेवताना, गाडी चालवताना हेच. आणि खरं काय ते कळेल याची त्याहून जास्त धास्ती.

पंधरा दिवसांनी मी भाऊसाहेबांना घेऊन पुन्हा तिथे गेले. या वेळी जीपजवळ ते बसले. मी त्यांना एकच सांगितलं, आकडा ऐकू आला की लगेच "व्हय" म्हणायचं, नियम गेला खड्ड्यात. आत शिरल्यावर भीतीने माझे आकडे चुकायला लागले. पाती गालाला कापत होती. बाजूच्या सरीत काहीतरी खसखसलं, मी जागीच थिजले, मग पुढचा आकडा म्हटला. तिकडून प्रत्येक वेळी "व्हय". जिथे ऊस अजून आडवा पडलेला होता, तिथे मी थांबले. बटण दाबलं आणि विचारलं, "भाऊसाहेब, येतंय का ऐकू?"

"खणखणीत, मॅडम! शेजारी हुबं राहून बोलल्यागत."

मी तिथेच चिखलात बसले. किती वेळ ते माहीत नाही. तिकडून भाऊसाहेब सारखे विचारत होते, "मॅडम? मॅडम, बोला की!" त्यांचा शब्द न् शब्द मला ऐकू येत होता.

राहिलेली तिन्ही ठिकाणं आम्ही त्याच आठवड्यात चाललो. दोन चांगली निघाली. तिसऱ्या ठिकाणी, नदीकडच्या खोलगट रानात, साठ पावलांतच आवाज गेला आणि पार पलीकडच्या वस्तीपर्यंत परत आला नाही. शेखसाहेबांचं म्हणणं खरं होतं, जागा तेवढी वेगळी होती. जादा मनोरा एकच मिळणार होता. तो त्या वस्तीच्या वाट्याला यायचा असेल, तर बेलापूरची फुली खोडावी लागणार होती, आणि ती का खोडली ते सांगावं लागणार होतं. मी गप्प बसले असते तर कुणाला कळलंही नसतं. एका भल्या माणसाच्या आठवणीत उभा राहिलेला मनोरा कोण तपासायला जातं?

समितीआधी मी भाभींकडे गेले. त्या परातीत तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं. पाळी माझी होती इथपासून चहापर्यंत. त्यांचा हात चालूच होता. मग त्यांनी विचारलं, "आवाज कसा होता त्यांचा?" साधा होता, असं म्हणायचं मी घरून ठरवून गेले होते. तोंडातून निघालं, "दम लागला होता, भाभी. मला ऐकू येत होता." हात थांबला. त्या मला घराबाहेर काढतील असं वाटलं, काढलं असतं तर बरं झालं असतं असंही वाटलं. "विचारायचं होतंस," त्या म्हणाल्या. नंतर दारापर्यंत आल्या, माझ्या डोक्यावर हात ठेवला. "पुढच्या वेळी विचार, बेटा. नुसतं लिहून ठेवू नकोस."

फुली मी समितीसमोर खोडली. त्यावर कोण काय बोललं ते इथे लिहीत नाही. मनोरा नदीकडच्या वस्तीला मिळाला. आणि आराखड्यात एक कलम वाढलं: हँडसेट बाळगणारा माणूस आडवा झाला आणि हलेनासा झाला, तर बटण न दाबताही इशारा जायला हवा. त्याखाली कुणाचं नाव नाही.

गेल्या आठवड्यात काष्टीला होतो. आता सगळ्या उसाच्या पट्ट्यात फेरमोजणी चालू आहे. चालायची पाळी भाऊसाहेबांची होती, मी जीपजवळ. "एकशे नऊ... एकशे धा..." आणि मग काही नाही. मी बटण दाबून हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. पुढे मी काय केलं ते मला नीट आठवत नाही. पायातली चप्पल वाटेतच कुठेतरी राहिली, ओढणी पात्यांत अडकली ती तशीच सोडली. भाऊसाहेब बांधावर बसले होते, हँडसेट बाजूच्या गवतात, आणि मान खाली घालून ते पायातला काटा काढत होते. मला बघून हसले. "अवो मॅडम, काटा मोडला निस्ता. केवढ्या घाबरलाय तुमी!"

मी शेजारी बसले आणि त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. घामाने ओला होता, मातीने भरला होता, आणि गरम होता.