हुसेनबीचा निळा

हुसेनबी लग्न होऊन कंधारला आली, तेव्हा सासूनं तिला चूल दाखवली आणि सासऱ्यानं भाता. चूल तिला ठाऊकच होती. भाता नवा होता. बकऱ्याच्या कातड्याचा, जुना, दाबला की दमेकरी म्हाताऱ्यासारखा श्वास टाकणारा. सासरे म्हणाले, "बेटी, घाई नको. आग तिच्या मर्जीनं फुलू दे." हुसेनबीला बरं वाटलं. माहेरी उदगीरला तिला घाई करू नको असं कुणी कधी म्हटलं नव्हतं.

सासरे ठासणीच्या बंदुका दुरुस्त करायचे. नळीच्या तोंडातून दारू घालायची, गजानं ठासायची, मागं ठिणगी पाडणारी टोपी बसवायची आणि चाप ओढायचा, अशी ही जुनी बंदूक. कंधारपासून पार किनवटच्या जंगलापर्यंत काही शेतकऱ्यांकडं पीक राखायच्या परवान्यावर ती अजून आहे. रानडुकरं उतरली की नुसती दारू ठासून बार काढायचा, आवाजानं कळप पांगतो. तिचे सुटे भाग बाजारात मिळत नाहीत. म्हणून घोडा झिजला, चाप तुटला, कमान मोडली की माणसं बंदूक आणि परवाना पोत्यात गुंडाळून एसटीनं कंधारला येतात. सासऱ्यांच्या मागं दुकान तिच्या नवऱ्याच्या, निजामोद्दीनच्या, नावावर झालं, आणि भाता हुसेनबीच्या हातात राहिला तो राहिलाच.

घोडा, म्हणजे टोपीवर आपटणारा तो वाकडा तुकडा, घडवण्यात निजामोद्दीनचा हात धरणारा कुणी नव्हता. शेगड्यात, म्हणजे फळीवरच्या लोखंडी पकडीत, लोखंडाचा गोळा आवळायचा, कानस घ्यायची आणि बसायचं. काम रंगलं की त्याच्या जिभेचं टोक ओठाच्या कोपऱ्यातून बाहेर यायचं. हुसेनबी म्हणायची, "अजी, जीभ आत घ्या, कानशीखाली येईल." त्यांचं बोलणं निम्मं दखनी, निम्मं मराठी. गिऱ्हाईक समोर असलं की मराठी जास्त.

पण बंदुकीचा जीव कमानीत. घोड्याला आपटायचा जोर देणारी ही घडीची स्प्रिंग आत लपलेली असते, बोटाएवढी. जुन्या जीपच्या पाट्याचं पोलाद कापायचं, तापवून दुमडायचं, लाल असतानाच करडीच्या तेलात बुडवायचं. तेलातून निघालेली कमान काचेसारखी असते. तशीच बसवली तर पहिल्याच दाबाला तुटणार. म्हणून ती घासून लख्ख करायची आणि तव्यावर ठेवून सावकाश पुन्हा गरम करायची. मग तिच्यावर रंग चढू लागतात. एकामागून एक, सरसर. नेमका निळा आला की क्षणात उचलायची. अलीकडं उचलली तर ठिसूळ, पलीकडं गेली तर मऊ.

या रंगांना हुसेनबीनं आपली नावं दिली होती. पहिला कडबा, पिवळसर. मग गूळ. मग वांगं. आणि शेवटचा मोर, मोराच्या मानेचा निळा. भाता दाबता दाबता ती ही नावं मनातल्या मनात म्हणायची. मोठ्यानं म्हणायची वेळ फार पुढं आली, निजामोद्दीनच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला तेव्हा.

त्यानं तसं कबूल कधी केलं नाही. आधी म्हणाला दुकानात उजेड कमी झालाय. मग म्हणाला हल्लीच्या बल्बमध्ये दम नाही. एके दिवशी तव्यावर कमान होती, मोर येऊन गेला, तरी हा सांडशी हातात धरून बघतच उभा. हुसेनबीला राहवलं नाही.

"अजी, पुढं गेलं."

त्यानं ती कमान भंगारात टाकली आणि दुसरी चढवली. या वेळी तव्याकडं बघता बघता हळूच म्हणाला, "काय हाय आता?"

"कडबा."

"हं."

"गूळ. वांगं लागलं... वांगं... मोर! उचला!"

तेव्हापासून असंच चाललं. वर्षानुवर्षं. गिऱ्हाइकाला वाटायचं म्हातारी उगाच भाजीबाजाराचं बोलते. त्या काळात या दुकानातून गेलेली एकही कमान परत आली नाही. हुसेनबीला याचा अभिमान होता, पण तो तिनं कुणाला दाखवला नाही. तव्याजवळ नवऱ्याच्या खांद्याला खांदा लावून उभं राहायला मिळायचं, तेवढं तिला पुष्कळ होतं.

मुलगी नाजिया नांदेडला दवाखान्यात नर्स. बाप रस्ता ओलांडताना म्हशीला बाजूला हो म्हणून हात करतोय आणि ती म्हैस नसून टेम्पो आहे, हे तिनं सुट्टीत डोळ्यांनी पाहिलं. तिनं बापाचं काही ऐकून घेतलं नाही. दिवाळी झाल्यावर नांदेडला नेऊन आधी एका, मग दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन करून आणलं.

निजामोद्दीन काळा चष्मा लावून घरी आला. उंबऱ्यात चष्मा काढला आणि थबकला.

"ही भिंत कधी रंगवली?"

"कुणी रंगवली? चुन्यात नीळ घातलीय, दर साली घालते तशी."

"एवढी निळी?" मग तो बायकोकडं वळला. बराच वेळ बघत राहिला. हुसेनबीनं पदर सावरला.

"तुझे केस पांढरे झाले की गं!"

"तुम्हाला आज दिसले?"

"मेंदी लावलीय म्हणून वाटायचं."

"मेंदी लावून जमाना झाला."

"चांगले दिसतात," तो म्हणाला आणि जरासा लाजला. "चांदीवानी."

त्या दिवशी हुसेनबीनं खिचडीवर तूप जास्त घातलं. नंतरचे दिवस म्हणजे घरात लहान मूल आल्यासारखे गेले. तो वर्तमानपत्र चष्म्याशिवाय वाचायचा, मोठ्यानं, जाहिरातींसकट. किल्ल्याच्या बुरुजावर बसलेले पारवे अंगणातून मोजायचा.

डॉक्टरांनी मुभा दिल्यावर त्यानं भट्टी पेटवली. हिमायतनगरकडचा भुजंग आला होता. त्याच्या वडिलांपासूनचं गिऱ्हाईक. त्याच्या बंदुकीची कमान मोडली होती आणि रानात ज्वारी पोटऱ्यात आली होती.

"मिस्तरीचाचा, डुकरं लई माजलीत. शेजारच्यानं डबे बडवले, फटाके लावले, त्याहीला भेत न्हाईत. बंदुकीचा बार लागतो."

"होऊन जाईल. बस, चहा घे."

भुजंग सामान आणायला बाजारात गेला. हुसेनबी सवयीनं भात्यापाशी बसली. पोलाद तापलं, दुमडलं, तेलात बुडालं. कमान घासून झाली, तव्यावर चढली, तशी ती उठून नवऱ्याशेजारी उभी राहिली.

"तू बैस," निजामोद्दीन म्हणाला. त्याचा चेहरा खुलला होता. "आता मला दिसतं. लई वर्षं तुला उभं केलं. आता आराम कर."

तो प्रेमानंच म्हणाला. ती "बरं" म्हणाली आणि आत जाऊन तूर निवडायला बसली. तुरीत खडा नव्हता. तरी ती निवडत राहिली. बाहेर सांडशीचा आवाज आला, कमान तव्यावरून उचलून खाली ठेवल्याचा. इतकी लवकर? असं तिच्या मनात आलं, पण विचारायला ती उठली नाही. आराम करायला सांगितलेल्या माणसानं विचारायचं तरी काय?

ती कमान शेगड्यात दाबून बघतानाच तडकली. निजामोद्दीननं पोलादाला शिव्या दिल्या आणि दुसरी केली. ही टिकली. घोडा खटखट वाजला. संध्याकाळच्या गाडीनं भुजंग बंदूक घेऊन गेला.

आणि आठवडा उलटायच्या आत परत आला. सकाळच्या पहिल्या एसटीनं, डोळे लाल, तोंड उतरलेलं. पोतं फळीवर ठेवून म्हणाला, "चाचा, मोडली. एक बार काढला, दुसऱ्याला घोडा लुळा पडला. डुकरांनी कोपऱ्यातली ज्वारी पार लोळवली."

निजामोद्दीननं बंदूक खोलली. दोन तुकडे हातावर घेतले. हुसेनबीनं आतून पाहिलं, त्याची मान खाली गेली ती वर येईना. या माणसाला आजारपणात पाहिलं होतं, बापाच्या मयतीला पाहिलं होतं, पण असा बसलेला तिनं पाहिला नव्हता. 'तू बैस' म्हटल्याचा तिचा राग होता तो तिथंच विरघळला.

"पोलाद खराब आलं," तो म्हणाला.

"असंल चाचा," भुजंग म्हणाला. त्याला म्हाताऱ्याला दुखवायचं नव्हतं. "मी थांबतो. तुम्ही करा निवांत." आणि तो चहाच्या टपरीकडं गेला.

हुसेनबी बाहेर आली. एक तुकडा उचलून दारातल्या उन्हात धरला. दुमडीच्या आतल्या बाजूला तव्यावरचा रंग अजून शाबूत होता.

"हे वांगं हाय," ती म्हणाली.

"निळा हाय तो."

"वांगं."

"मी माझ्या डोळ्यांनी बघून राहिलो ना! तुझ्याच डोळ्यांत आता काही तरी..." तो थांबला. बोललेलं त्यालाच आवडलं नाही.

हुसेनबी आत गेली आणि टोपलीतलं एक वांगं घेऊन आली. काळसर नव्हे, गावरान, जांभळं, चकचकीत. त्याच्या पुढ्यात धरलं.

"ह्याचा रंग सांगा."

निजामोद्दीननं वांग्याकडं पाहिलं. मग बायकोकडं. मग पुन्हा वांग्याकडं.

"निळा," तो हळूच म्हणाला.

आधी हुसेनबी हसली. तोंडाला पदर लावून हसली, मग पदर सोडून हसली. निजामोद्दीन क्षणभर रागावलेला राहिला, पण त्याला ते जमेना. खांदे हलायला लागले. हसता हसता त्याच्या नव्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि डॉक्टरनं डोळे चोळू नका म्हटलेलं, म्हणून तो दोन्ही हात वर धरून हसत बसला.

"दुसऱ्याच कुणाचे डोळे बसवले गं मला!"

तिनं नाजियाला फोन लावला. नाजिया ड्यूटीवर होती. "अम्मी, डॉक्टर अब्बांना सांगत होते. मोतीबिंदूनं इतकी वर्षं सगळं पिवळं दिसायचं, आता निळा जास्त निळा दिसंल, सवय व्हायला वेळ लागंल. अब्बा तेव्हा पंखा बघत होते."

"पंखा नवा होता," निजामोद्दीन म्हणाला.

फोन ठेवल्यावर तो उठला. भट्टीतले कोळसे सारखे केले, आणि तिच्याकडं न बघताच बोलला. "मला वाटलं, तुला त्रास होतो. धुरात उभं राहायचं, माझ्यासाठी. म्हणून म्हटलं आराम कर."

"मी कधी म्हटलं तरास होतो?"

"न्हाई."

"मग? विचारायचं तरी."

"चुकलं," निजामोद्दीन म्हणाला. लग्न झाल्यापासून हा शब्द तिनं त्याच्या तोंडून फारसा ऐकला नव्हता. तिनं तो ताणला नाही. भात्यापाशी बसली आणि म्हणाली, "पाटा काढा. भुजंग उपाशी असंल."

कमान तव्यावर चढली तेव्हा भुजंग दारात येऊन उभा होता. दोघं म्हातारे तव्यावर वाकले होते, खांद्याला खांदा लावून.

"कडबा," हुसेनबी म्हणाली.

"हाव, कडबा दिसतो मला."

"गूळ."

"गूळ. आता निळा होऊन राहिला."

"न्हाई. ते वांगं. थांबा." त्याची सांडशी पुढं गेली होती, तिनं मनगट धरलं. "थांबा म्हणते ना. बघून घ्या. वांगं असं दिसतं तुम्हाला. ध्यानात ठेवा... आणि हा आता... हा मोर. उचला!"

त्यानं उचलली. कमान गार झाल्यावर दोघांनी ती उन्हात नेऊन पाहिली. निजामोद्दीन म्हणाला, इतका निळा रंग त्यानं जन्मात पाहिला नव्हता. ती म्हणाली, तो रोजचाच आहे.

शेगड्यात त्यानं ती दाबली, सोडली, पुन्हा दाबली. भुजंगनं स्वतः दाबून बघितली. मग त्यानं बंदूक घेतली, आणि जाताना म्हणाला, "चाची, हुरड्याला या. दोघंबी. मी गाडी पाठवतो."

माणसं असं म्हणतात. हुसेनबीनं ते खरं धरलं नाही. पण ज्वारी दुधातून निघून दाण्यावर आली तसा भुजंगचा पुतण्या खरंच जीप घेऊन दारात उभा राहिला. नाजियाला सुट्टी होती, तीही नांदेडहून आली.

शेत जंगलाच्या कडेला होतं. भुजंगच्या आईनं, धोंडाबाईनं, आगटीवर कणसं भाजली, तळहातावर चोळून गरम दाणे हुसेनबीच्या पदरात टाकले. तिळाची चटणी, गूळ, दही. निजामोद्दीन कणसाकडं बोट दाखवून "हा हिरवा, हा हिरवा" म्हणून नाजियाला रंग सांगत होता आणि ती त्याला गप्प बसवत होती.

दिवस कलायला लागला. भुजंग म्हणाला, कळप याच वेळी नाल्यातून वर येतो. त्यानं नळीत दारू घातली, गजानं ठासली, टोपी बसवली आणि बांधावर उभा राहिला. हुसेनबी आपसूक उठली. एवढ्या वर्षांत तिनं घोड्याची खटखट हजारदा ऐकली होती. भरलेली बंदूक उडताना मात्र कधी पाहिली नव्हती, आणि हे तिच्या आत्ता, बांधावर उभी असतानाच लक्षात आलं.

"चाची, कान झाकायले लागतील," भुजंग म्हणाला.

तिनं झाकले नाहीत. भुजंगनं नळी आभाळाकडं केली आणि चाप ओढला. छातीत कुणी धपाटा घातल्यासारखा आवाज झाला, पांढरा धूर ज्वारीवरून लोळत गेला, नाल्यातून पाखरांचा थवा उठला आणि त्यापलीकडं झुडपं मोडत काही तरी जड पळालं. हुसेनबी दोन पावलं मागं सरून धोंडाबाईच्या अंगावर आली. मग दोघी एकमेकींना धरून हसायला लागल्या.

"अगं बाई! केवढा मोठा!" ती ओरडली. कानात दडे बसल्यामुळं आपण ओरडतोय हे तिला कळत नव्हतं. "अजी, ऐकलंत का? आपली कमान!"

"तुझी," निजामोद्दीन म्हणाला.

तिला ऐकू गेलं नाही. "काय म्हणता?"

तेव्हा त्यानं तिच्या कानाशी तोंड नेलं आणि, शेतातल्या सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, पुन्हा सांगितलं. भुजंग दुसरा बार ठासायला लागला.