खोट्या गावात भेटायला जाताना

लातूरच्या माझ्या खोलीत शनिवारी संध्याकाळी बंद झालेलं तोंड थेट सोमवारी सकाळी उघडायचं. मी एका क्लासमध्ये रसायनशास्त्र शिकवतो. वर्गभर मुलांसमोर बोलायला मला भीती वाटत नाही, कारण काय बोलायचं ते ठरलेलं असतं. पण चहाच्या टपरीवर शेजारी अनोळखी माणूस बसला की मी गरम चहा घाईने संपवून उठतो. बिलोली तालुक्यातल्या आमच्या गावात अनोळखी माणूस नसायचाच. जो यायचा तो कुणाचा तरी पाहुणा असायचा. मी नांदेडला शिकायला गेलो तेव्हा आई सगळ्यांना सांगायची, "आता पोरगं चार लोकांत बोलंल." आमच्या घरातली पहिली पदवी मी मिळवली. चार लोक मात्र मिळायचे राहिले.

क्लासमधल्या फिजिक्सच्या सरांना माझी दया आली असावी. त्यांनी मला एका ऑनलाइन खेळात नेलं. खेळ म्हणजे एक जुन्या काळातलं गाव. किल्ला, वेस, विहीर, बाजार, सगळं पडद्यावर. माणसं महाराष्ट्रभरातली, एकमेकांना कधीही न भेटलेली. दर रविवारी संध्याकाळी सगळे हेडफोन लावून जमायचे आणि ज्याने त्याने घेतलेल्या भूमिकेतच बोलायचं.

"सर, ह्यात तुम्ही तुम्ही नसताच," फिजिक्सवाले म्हणाले. "मग लाजायचं कुणी?"

हे मला पटलं. अडचण एवढीच होती की भूमिकेबाहेर बोललं की गावचे प्रधानजी नावापुढे लाल खूण करायचे. नव्या माणसाला तीन खुणा झाल्या की गावाबाहेर. प्रधानजी शिस्तीचे. आवाजावरून मला ते आमच्या शाळेच्या हेडमास्तरांसारखे वाटत आणि मी खोलीत एकटा असूनही खुर्चीत ताठ बसायचो.

पहिली खूण पहिल्याच मिनिटाला झाली. दरबारात शिरताना मुजरा करायचा होता. तीस अनोळखी माणसं एकदम दिसल्यावर माझ्या तोंडून सवयीने गेलं, "जय भीम."

मग प्रधानजी म्हणाले, "हे गाव हजार वर्षांपूर्वीचं आहे, महाशय." तेवढ्यात मागून कुणीतरी हळूच "जय भीम" म्हणालं. ते कोण, हे प्रधानजींना शेवटपर्यंत सापडलं नाही. मला मात्र त्या गावात राहावंसं वाटलं ते त्या क्षणापासून. खूण झाली होती तरी.

मला काम दिलं वेशीवरच्या पहाऱ्याचं. येणाऱ्या प्रत्येकाला दरडावून विचारायचं, संशय घ्यायचा, भाला आडवा धरायचा. पुढच्या रविवारी घोंगडी पांघरलेला एक व्यापारी आला. मी भाला आडवा धरला आणि म्हणालो, "लई लांबून आलात जणू. बसा. पाणी घेता का?"

व्यापारी गडबडला. बहुधा त्याने भांडणाची तयारी करून ठेवली होती. "घेतो की," तो म्हणाला.

"गाव कोणतं तुमचं?"

"देवणी," तो म्हणाला आणि मग त्याच्या लक्षात आलं. "न्हाई, न्हाई! मी दूरच्या राज्यातला..."

पण माझ्या लक्षात कुठे आलं होतं! "देवणीचे? आमच्या चुलत्यांची बैलजोडी तिकडचीच हाय. काय बैल आहेत!"

"बैलाचं नाव काढू नका," तो खुलला. "आमच्या घरच्या वळूला बघायला माणसं येतात."

दहा मिनिटं आम्ही बैलांवर बोललो. मग मी भाला बाजूला केला आणि त्याला शस्त्रागाराची वाटसुद्धा दाखवली. तो शत्रूचा हेर होता. दोघांनाही लाल खूण मिळाली. त्याच रात्री शत्रू त्या वाटेने आत आला आणि लढाईत गावची पत्रं पोचवणारा हरकारा मेला.

त्याला मारायचं आधीच ठरलं होतं, हे मला नंतर कळलं. ती भूमिका करणारा पोरगा स्पर्धा परीक्षेची तयारी करत होता आणि घरच्यांनी त्याचा खेळ बंद केला होता. पण मारायला कारण लागतं, ते मी पुरवलं.

प्रधानजींनी मला निरोप पाठवला, "तुमची ही शेवटची संधी. रविवारी हरकाऱ्याच्या थोरल्या भावाकडे सगळं गाव जाणार आहे. तिथं भूमिकेत राहून बोला. नाही जमलं तर आपण थांबू."

मी आठवडाभर भाषण पाठ केलं. "हे वीरा, तुझ्या रक्ताच्या थेंबाथेंबाची शपथ" अशी सुरुवात होती. अंघोळ करताना म्हणायचो. शेजारच्या खोलीतल्याने एकदा दार वाजवून विचारलं, "सर, बरं हाय ना?"

हरकाऱ्याचा थोरला भाऊ म्हणजे गावचा वैद्य. आवाजावरून पन्नाशीचा माणूस. खेळात दोघांची जोडी फार जुनी होती. रविवारी वैद्य आपल्या ओट्यावर खाली मान घालून बसला होता. सेनापती आले, सूड घेण्याची प्रतिज्ञा करून गेले. एका शिलेदाराने तलवार उपसली आणि चुकून विहिरीत पडला. वैद्य प्रत्येकाला "आभारी आहे" म्हणत होता, आणि त्याचा आवाज दर वेळी थोडा लहान होत होता.

माझा नंबर आला. मी पुढे गेलो आणि त्याला पाहून माझं भाषण गेलं. कारण हे मला माहीत होतं. आमच्याकडे अशा घरी भेटायला जातात तेव्हा कुणी भाषण करत नाही. जायचं, टेकायचं, जमिनीकडे बघायचं. मी ओट्याच्या कडेला बसलो.

"नेट गेलं काय ह्याचं?" कुणीतरी कुजबुजलं.

"बोला, पहारेकरी," प्रधानजी म्हणाले.

मी जमिनीकडेच बघत राहिलो. बऱ्याच वेळाने, आमच्याकडे विचारतात तसं, हळूच विचारलं, "कसं काय झालं?"

सगळं गाव हसत सुटलं. "अहो, वेस तुम्हीच उघडली की!" सेनापती ओरडले. विहिरीतल्या शिलेदाराचंही हसू ऐकू आलं. माझे कान तापले. आता गेलो, असं मला वाटलं.

पण वैद्य सांगू लागला. "सकाळी बरा होता," तो म्हणाला. मग थांबून म्हणाला, "पहिल्यांदा आला तेव्हा त्याला घोड्यावर बसता यायचं नाही. उलटा बसायचा." मग तो बोलतच राहिला. घोडा कसा विहिरीकडे जायचा, पत्रं कशी चुकीच्या घरी पडायची, दोघांनी पुरात पूल कसा बांधला आणि तो कसा वाहून गेला. गाव हसलं आणि हळूहळू ऐकू लागलं. मी मधेमधे फक्त "हं" म्हणत होतो. तो बोलायचा थांबला तेव्हा मी उठलो आणि काही न बोलता खेळातून बाहेर पडलो. आमच्याकडे अशा घरून निघताना "येतो" म्हणत नाहीत.

हे बाकीच्यांना कुठे माहीत? मी रागावून गाव सोडलं, असं सगळ्यांना वाटलं. फिजिक्सचे सर सोमवारी वर्गाच्या दारातच म्हणाले, "असं न सांगता जातं का कुणी?" मी रीत समजावली. त्यांनी ती प्रधानजींना कळवली. दोन दिवस उत्तर आलं नाही. मी मुलांना आम्ल आणि अल्कली उलटेसुलटे शिकवले.

मग निरोप आला. "खूण देत नाही. पण वेशीवर तुम्हाला ठेवणं गावाला परवडणार नाही. वैद्यांनी मागणी केली आहे, त्यांच्या ओट्यावर बसा."

"तिथं काम काय?" मी विचारलं.

"त्यांनी काम लिहिलेलं नाही. बसा एवढंच लिहिलंय."

त्या अनोळखी माणसांचे मी फार आभार मानतो. आजही त्यांच्यापैकी एकाचाही चेहरा मी पाहिलेला नाही. पुढच्या रविवारी मी ओट्यावर गेलो तेव्हा मांडीत बाण लागलेला एक शिपाई मोठमोठ्याने विव्हळत होता. वैद्य मला म्हणाला, "आलात? जरा सरका, आणि ह्याला बोलण्यात गुंतवा. मी बाण ओढतो."

मी सरकलो आणि शिपायाला त्याचं गाव विचारलं.