वर्षाराणीचा एकटीचा कार्यक्रम

वर्षाराणी,

पत्र आलं म्हणून हसू नकोस. तोंडावर बोलायला गेलं की तू विषय बदलतेस, उठून चहा टाकतेस. कागदाला चहा पाजता येत नाही. तेव्हा शिलाईचं मशीन बंद कर, बस आणि वाच.

पेठेत तुझ्याबद्दल काय काय बोलतात ते मला कळतं. शालूबाईंच्या ग्रुपमधून फुटली, डोक्यात हवा गेली, स्टेजवर फेट्याचा अपमान केला. खरं काय घडलं ते मला ठाऊक आहे, आणि मी मेल्यावर ते कुणी सांगणार नाही. म्हणून लिहितेय.

तू कुरुंदवाडची. वडिलांची पिठाची गिरणी. गिरणी सुरू असताना तिच्यावर आवाज चढवून गाणारी पोर म्हणून गावात तुझी ओळख. लग्न होऊन मंगळवार पेठेत आलीस. उदयसिंह कागलच्या एमआयडीसीत लेथवर, तू घरी ब्लाऊज शिवायचीस, फॉल-पिको करायचीस, आणि पायाखाली मशीन सुरू झालं की गाणंही सुरू. समोरच्या शालूबाईंनी ते ऐकलं आणि तुला आपल्या 'सूरसखी'त ओढलं. हळद, बारसं, डोहाळजेवण, जिथं बोलावतील तिथं. एकसारख्या साड्या नेसलेल्या चार बायका, मोबाईलला जोडलेला स्पीकर आणि निवेदनाला मी. कॉलेजात तीस वर्षं शिकवलेली बाई म्हणून मला घेतलं असं शालूबाई सांगतात. खरं कारण, माझं तोंड बंद राहत नाही.

तुमची उभं राहायची जागा ठरलेली. तुझ्या डाव्या हाताला शालूबाई, कायम. ट्रॅकवरचं सुरुवातीचं म्युझिक संपत आलं की त्या पदराआडून तुझा हात दाबायच्या आणि तू गाणं उचलायचीस. मला वाटायचं, बाईला हुकूम सोडायची फार हौस. त्यापलीकडे मी विचार केला नाही. शिकलेल्या माणसांना वाटतं, आपल्याला दिसतं. दिसत काही नसतं.

मग ते पन्हाळ्याचं डोहाळजेवण झालं. जाताना यजमानीण शालूबाईंच्या देखत म्हणाली, "बारशाला ही उंच आवाजाची बाईच तेवढी पाठवा हो. बाकीच्या कशाला?"  परतताना गाडीत, कोल्हापूर जवळ आलं तेव्हा शालूबाई म्हणाल्या, "जा की मग एकटी. किती दिस टिकतीस बघू."

"जातो की," तू म्हणालीस.

तुला तोंडातून गेलेला शब्द परत घ्यायचा होता, मी पाहिलं होतं. पण मीही मूर्ख. "जाच," म्हटलं. "गळा तुझा, आणि भीती कसली?"

उदयसिंहांनी तर कहरच केला. तुला न विचारता पेठेतल्या तालीम मंडळाच्या पोरांना गाठलं आणि चार दिवसांत चौकात फ्लेक्स लागला: 'वर्षाराणी, एकल गायन'. मधोमध तू, भोवती नऊ शुभेच्छुक, त्यातले सात तुला अनोळखी. आपल्याकडे ठरलेलं लग्न मोडेल, पण फ्लेक्स लागल्यावर माघार नाही.

कार्यक्रमाला आठ दिवस होते. तू माझ्याकडे सरावाला आलीस. मी बाहेरच्या खोलीतून म्हटलं, "वर्षा, जरा गॅस बारीक कर गं." तू स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात वही चाळत होतीस, डावी बाजू माझ्याकडे. दुसऱ्यांदा म्हटलं. तिसऱ्यांदा ओरडले. मग जाऊन खांद्यावर हात ठेवला, तर तू किंचाळलीस.

दूध उतू गेलं होतं. ते पुसायलाही आपण उठलो नाही.

"किती दिवस झाले?"

"दोन वर्सं. डावा गेलाच. उजवा हाय, पन स्पीकरच्या गोंगाटात त्यो बी नीट धरत न्हाय."

"उदयसिंहांना?"

"न्हाय सांगितलं. त्ये म्हनतील, गानं बंद. आणि लोक म्हनतील भैरी बाई गाती, चला गंमत बघाय. आक्का, तुमाला शपथ हाय."

मला शपथांचा तिटकारा आहे. तरी घेतली.

मग तू ते सांगितलंस, ज्यानं माझी झोप गेली. "सकाळी जाग आली की मी डोळं मिटूनच पडतो. दूधवाल्याच्या हाकंची वाट बघत. हाक आली की म्हनतो, आज हाय. एक दिस हाकच आली न्हाय. हातपाय गार पडलं माझं, आक्का. उठाय बी येईना. मग कळालं, त्यो जत्रंला गेलता."

मी हसले. तू हसली नाहीस.

आपण एक युक्ती केली. निवेदनाचा माइक स्टेजच्या उजव्या कडेला. ट्रॅक सुरू झाला की मी वही छातीशी धरायची, तुझी वेळ आली की खाली करायची. तेवढं बघून तू उचलायचं. सात दिवस आपण ते इतकं घोटलं की मी बाजारातही पिशवी छातीशी धरून उभी राहू लागले. भीती मात्र कमी होईना. तुझी तर नाहीच. बोटं बघा म्हणून माझ्यापुढे धरलीस, तर सुई टोचून टोचून लाल झालेली. 

कार्यक्रमाच्या दिवशी हॉल भरलेला. तिसऱ्या रांगेत शालूबाई, हाताची घडी घालून. पडद्याआड तू मला म्हणालीस, "पळून जाऊ या का?" मी म्हटलं, "माझ्या गुडघ्यांनी? वेडी आहेस का?"

आणि मग ते झालं, जे आपण दोघींनी हिशेबात धरलंच नव्हतं. गाण्याआधी सत्कार. शाल झाली, नारळ झाला, आणि तालमीचे अध्यक्ष म्हणाले, "कोल्हापूरच्या लेकीला फेटा पायजेच!" फेटेवाला तयारच होता. हसत हसत त्यानं तुझ्या डोक्याला वेढे घातले, एकावर एक, करकचून, दोन्ही कानांवरून. त्यांचा मान होता तो. मानाला नाही म्हणायचं आपल्याला कुणी शिकवलेलंच नाही. टाळ्या पडत होत्या आणि तू माझ्याकडे बघत होतीस. विहिरीत सोडलेलं माणूस वर बघतं, तसं.

ट्रॅक सुरू झाला. मी वही छातीशी धरली. तेवढ्यात लाइटवाल्यानं सगळे दिवे घालवले आणि एकच झोत तुझ्या तोंडावर मारला. मी अंधारात. मी वही खाली केली. वर केली. वेड्यासारखी हलवली. तुला काही दिसत नव्हतं. पुढे तूच सांगितलंस, ढोलकीचे ठोके तळव्यांना कळत होते, सूर कुठला ते कळत नव्हतं.

तुझी ओळ आली आणि गेली. दुसरी गेली. मागच्या रांगेत कुणीतरी खाकरलं. कुणीतरी शिट्टी मारली. आयुष्यात मी बऱ्याच लोकांना नापास केलं, पण एखाद्या माणसाला उभ्या उभ्या बुडताना बघणं तेवढं एकदाच.

तू दोन्ही हात वर केलेस आणि फेटा उपसून काढलास. सगळ्यांदेखत. हॉलमध्ये 'ओ' असा आवाज उठला. अध्यक्ष खुर्चीतून अर्धे उठले. फेटा तू नीट घडी करून शालीवर ठेवलास, साउंडवाल्याला हातानं 'बंद' म्हणालीस, आणि ट्रॅक थांबल्यावर तुझ्या आईचं देवीचं पद सुरू केलंस. ना पेटी, ना ढोलकी. पहिल्या ओळीत आवाज कापला. दुसरीत सावरला. तिसरीनंतर हॉलमध्ये कुणी खाकरलं नाही. दीड तास तू तशीच गायलीस.

पडदा पडल्यावर शालूबाई आत आल्या. मला वाटलं, आता जिभेचा पट्टा सुटणार. सुटलाच. "फेटा काढतीस व्हय गं? उद्या डोस्कं काढून ठेवशील! चांगली अद्दल घडाय पायजे तुला." मग तुझ्या उजव्या बाजूला येऊन त्या हळू म्हणाल्या, "मला म्हाईत न्हाय असं वाटलं व्हय? दोन वर्सं हात दाबून बोटं मोडली माझी. येडे, सांगायचं तरी हुतंस."

त्या दिवसापासून तू अकरा कार्यक्रम केलेस, सगळे बिनसाथीचे. लोक म्हणतात, काय तिची पद्धत! म्हणू देत. फेट्याचा राग तालमीनं अजून सोडलेला नाही. तो राग मला चालतो.

मला चालत नाही ते वेगळं. त्या संध्याकाळी रिक्षात तू माझा दंड धरलास आणि म्हणालीस, "आक्का, फेटा काढल्यावर बी ऐकू येत न्हवतं. पयल्या दोन ओळी मी नुसत्या गळ्यावर हात ठेवून म्हनल्या. मला वाटलं, उजवा बी गेला." रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवला. तुला ऐकू आला. तू रडलीस.

पुढच्या आठवड्यात आपण मिरजेला कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. घरी सांगितलं, कापड आणायला. तिथं तुला काचेच्या खोलीत बसवलं. शिट्टी ऐकू आली की बटण दाबायचं. मी बाहेरून बघत होते. बराच वेळ तुझं बोट हललंच नाही. शिट्टी वाजत नव्हती, की तुला ऐकू येत नव्हती, मला कळायला मार्ग नव्हता. तपासणारी बाई म्हणाली, रिपोर्ट शुक्रवारी, डॉक्टर समोर बसवून सांगतील, फोनवर नाही. पावती मी घेतली, तू हरवशील म्हणून.

त्या शुक्रवारी तुझ्याकडे लग्नाचे ब्लाऊज होते. पुढच्या शुक्रवारी माझा गुडघा दुखत होता. मग तुझी नणंद आली. मग श्रावण, मग गणपती. आता पाच महिने झाले.

तू घाबरतेस, ते मला समजतं. पण मीही घाबरले. माझा गुडघा त्या दिवशी दुखत नव्हता, वर्षा. मी रंकाळ्याला दोन फेऱ्या मारल्या आणि घरी आले. मिरजेची एसटी समोरून गेली, हात केला असता तर थांबली असती.

पावती माझ्या पर्समध्ये आहे. तिची शाई उडत चाललीय. तुझं नाव अजून वाचता येतं, नंबर येत नाही. नावही उडायच्या आत, या शुक्रवारी चल.