ओढ्याअलीकडचा ब्रेक

दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी आमच्या गावाला एक रस्ता झाला. दुष्काळी कामातला, सरळसोट, मुरूम दाबून घट्ट केलेला. तो धाराशिवकडच्या वाशीच्या अंगानं निघायचा आणि आमच्या ओढ्याच्या काठावर येऊन संपायचा, कारण पुलाचं सिमेंट आलंच नव्हतं. काठाखाली दोन पुरुष खोल कोरडा ओढा आणि त्यात म्हशीएवढाले धोंडे. गावातल्या सगळ्यांनी त्या रस्त्याची खडी फोडली. माझे वडील त्याच कामावर, भर उन्हात, डोक्यावरची पाटी खाली ठेवून जरा बसले ते उठलेच नाहीत.

सुतकाचे दिवस झाले आणि आई पुन्हा खडीवर गेली. घरात कुणी फारसं रडलं नाही. मला तर काही वाटतच नव्हतं. दात काढायच्या आधी डॉक्टर सुई देतो आणि आपलाच गाल आपल्याला परका होतो, तसं माझं सगळंच झालं होतं. भाकरी खाल्ली की पोट भरायचं, एवढंच कळायचं. दुष्काळी मदतीची सुकडी, ते गोड पीठ, वाटायला गाडी आली की लोक भांडायचे, आणि मी भांडं धरून उभा राहायचो, कुणी पुढं घुसलं तरी घुसू द्यायचो.

मी सहकारी साखर कारखान्याच्या गाडीखान्यात फिटर होतो. ऊस वाळून गेला होता, गाळप लवकर आटोपलं होतं, ट्रॅक्टर ओळीनं धूळ खात उभे होते. आम्ही हजेरी लावायचो आणि सावली सरकेल तसे सरकायचो. माझा थोरला भाऊ, म्हणजे दादा, धाराशिवला एका वकिलांच्या गाडीवर ड्रायव्हर होता. हे वकीलसाहेब आमच्या कारखान्याचे संचालकही होते.

मद्रासकडं कुठंतरी विमानाच्या धावपट्टीवर लोक आपल्या रोजच्या मोटारी पळवतात, असं वकीलसाहेबांनी एका मासिकात वाचलं. आमचा तो बिनकामाचा रस्ता त्यांनी दुष्काळी कामांच्या तपासणीला आले तेव्हा पाहिलेलाच होता. रविवारी काम बंद असायचं. मग काय, एक डॉक्टर, एक जिनिंगवाले शेठ आणि वकीलसाहेब आपापल्या गाड्या घेऊन यायला लागले. एका वेळी दोन गाड्या सुटायच्या. पळण्याला मान नव्हता, थांबण्याला होता. ओढ्याकडं भरधाव यायचं, आणि जो सगळ्यात उशिरा ब्रेक दाबून काठाच्या जास्तीत जास्त जवळ थांबेल तो जिंकला. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच असावा. पण गाव बघायला यायचं. गावालाही दुसरं काय होतं बघायला?

वकीलसाहेबांचा चष्मा जाड होता, म्हणून त्यांची गाडी दादा चालवायचा. ते स्वतः काठावर रुमाल घेऊन उभे राहायचे. पहिल्याच रविवारी तिसऱ्या फेरीला ब्रेक इतके तापले की पेडल नुसतंच खाली गेलं. दादानं हँडब्रेक ओढून, गिअर पाडून कशीबशी गाडी थांबवली. चाकांतून जळका वास येत होता. वकीलसाहेब हसून म्हणाले, ह्या गाडीला शर्यतीचे ब्रेक पाहिजेत. पुढच्या रविवारपर्यंत करायचं म्हणून ते काम माझ्याकडं आलं. कारखान्याचं लेथ होतं, हात रिकामे होते आणि संचालकाला नाही म्हणायची आमच्याकडं रीत नव्हती. दादा मला एवढंच म्हणाला की तूच कर, दुसऱ्याच्या हातचं नको. वडील गेल्यावर घर बहुतेक त्याच्याच पगारावर चाललं होतं. माझ्या हाताखालून जाणाऱ्या ह्या ब्रेकवर उद्या त्याचा जीव टांगलेला असणार, हे मला समजत होतं. समजत होतं, पण भीती मात्र वाटत नव्हती, आणि त्याचंच कधीकधी भय वाटायचं.

काम मात्र मी मन लावून केलं. ड्रमला आतून घासून चाक धरतं ते लायनर, ट्रकसाठी मिळणारं जाड, कडक आणलं, मापानं कापलं आणि ब्रेकच्या शूंवर रिव्हेटांनी पक्कं ठोकलं. ड्रम लेथवर धरून आतून गोल केले. ड्रममागच्या पत्र्यांना वारा खेळायला भोकं पाडली. सिलिंडरांतली रबरं बदलली. शनिवारी गाडी आमच्या अंगणात आणली, चारही चाकं बसवली, ब्रेकचं तेल भरलं, नळ्यांतली हवा काढली. पुढचं डावं चाक थोडं घासत होतं, म्हणून त्याचा ड्रम परत उतरवला आणि लायनरवर जरा कानस मारली. तेवढ्यात दिवस मावळला. ड्रम पोत्यावर ठेवला आणि उरलेलं सकाळी करू म्हणून उठलो.

सकाळी टँकर आला तसा मी घागरी घेऊन पळालो. टँकर चुकला तर दिवसभर घशाला कोरड. मी येईपर्यंत दादानं तो ड्रम बसवून चाक आवळलं होतं. चाकावर हळदकुंकू दिसलं. आईनं वाहिलं असणार. आमच्याकडं नवा नांगर असो की कुदळ, आई कुंकू लावल्याशिवाय वापरू द्यायची नाही. त्यात नवल काहीच नव्हतं.

पहिल्या फेरीला गाडी छान थांबली. काठावर उभी असलेली माणसं ओरडली. पण थांबताना ती किंचित उजवीकडं ओढत होती. मी दादाला तसं म्हणालो. नवीन लायनर आहे, बसेल, असं त्याचं म्हणणं पडलं. त्याच्या जागी मीही तेच म्हणालो असतो. दुसऱ्या फेरीला आणखी ओढली. तिसरी फेरी डॉक्टरांच्या जीपबरोबर होती. मी ओढ्याच्या काठाशी, वकीलसाहेबांच्या बाजूला उभा राहिलो.

दोन्ही गाड्या धुरळा उडवत आल्या. जीपनं आधी ब्रेक दाबला आणि ती मागं पडली. दादानं आणखी थोडं अंतर खाल्लं, मग दाबला. गाडीचं नाक एकदम उजवीकडं फिरलं, मागची बाजू पुढं आली आणि गाडी आडवी होऊन काठाकडं घसरत निघाली. मी पाहत होतो. ओरडावं असंही सुचलं नाही. मोजून घेण्यासाठी बायकांनी रस्त्याकडेला रचलेल्या खडीत तिचं दार घुसलं आणि ती थांबली. मागचं एक चाक ओढ्यावर अधांतरी गरगरत होतं.

दादा पलीकडच्या दारानं उतरला आणि खडीवर बसला. खरचटलंसुद्धा नव्हतं. लोक त्याच्याभोवती जमले. पाचसहा जणांनी गाडी ढकलून काठापासून आत आणली. मी जॅक लावून पुढचं डावं चाक उतरवलं, कारण धरलं नव्हतं ते त्यानंच. ड्रम ओढून काढला तर आतून करडईच्या तेलाचा वास आला, तापलेला, फोडणीसारखा. लायनर तेलानं काळंभोर झालं होतं; तेल लागलं की लायनर धरत नाही, घसरतं. रिव्हेटांच्या खळग्यांत कुंकू चिकटलं होतं. दादा उठून माझ्या बाजूला येऊन बसला. त्यानं बोटानं लायनर चाचपलं.

गर्दीतून आई आली. पदर डोक्यावरून घट्ट ओढलेला. तिनं दादाकडं पाहिलं, त्याच्या खांद्यावरून, पाठीवरून हात फिरवला आणि मग उघड्या चाकाकडं पाहिलं.

"तेल कमी पडलं का रं?"

दादानं बोटावरचं तेल चोळून बघितलं.

"सगळी चाकं तुमी बंद केली, ह्ये एकलंच उघडं राहिलेलं. पाटं उठून बघितलं तर कोरडं ठणठणीत. गाडी जुपायच्या आधी चाकाला वंगण लागतंय, एवढं मला बी कळतंय. घरात हुतं न्हवतं त्ये समदं घातलं."

मग हळूच, जणू चाकालाच सांगावं तसं, म्हणाली, "ह्येनी त्या दिशी डोक्याला तेल मागितलं हुतं. ऊन लई हाय म्हणले. म्या म्हणलं, रेशनचं हाय, पुरवून वापराय पायजे. तसंच गेलं कामाला."

हे आम्हाला माहीत नव्हतं. एवढे दिवस ती त्याच उन्हात, त्याच रस्त्यावर खडी फोडत होती आणि हे तिच्याजवळ होतं.

"पुरलं, आई," दादा म्हणाला. "लई पुरलं. त्यानंच वाचलो."

तिनं मान हलवली. तिचा विश्वास बसला की नाही, सांगता येत नाही. वकीलसाहेब रुमालानं कपाळ पुसत आले आणि काय बिघडलं म्हणून विचारलं. दादा उभा राहिला आणि म्हणाला की ड्रम मी बसवला, नीट बघितलं नाही, चूक माझी. त्या चुकीपायी पुढच्या महिन्यात त्याच्या जागी दुसरा ड्रायव्हर आला.

मी फडकं घेऊन लायनर पुसायला लागलो. असं मुरलेलं तेल पुसून निघत नसतं, हे मला ठाऊक होतं. तरी पुसत राहिलो. आई जवळच उभी होती. तिच्या हातांनाही तोच वास येत होता, आणि वडील गेल्यानंतर पहिल्यांदा, सगळ्या गावासमोर, मी रडलो.