तो खडक नाही, आई आहे

जपानमधल्या कानाझावातल्या हातानो शिगेनोने जन्मभर एकच काम केलं. जुन्या चित्रांना पाठीमागून कागद लावायचा, रेशमी काठ जोडायचे, ती भिंतीवर टांगण्याजोगी करायची. नवे फोटो आणि जुनी चित्रं शेजारीशेजारी मांडायचं प्रदर्शन ठरलं, तेव्हा संग्रहालयाच्या मिनोबेबाई एक फोटो मढवायला घेऊन तिच्याकडे आल्या. बर्फाळ समुद्रकिनारा, काठाशी एक होडी. शेजारी लागणार होतं तीनशे वर्षांपूर्वीचं शाईचं हिमचित्र. फोटोखाली नाव होतं कुरामोची तात्सुओ.

शिगेनोच्या अंगाचा तिळपापड झाला. फोटो तिच्या भावाने, एइजीने काढलेला होता. तो एकतिसाव्या वर्षी गेला. त्याचा मित्र कुरामोची सातव्या दिवसाच्या विधीलाच, "छापून आणून देतो, आई," म्हणत निगेटिव्हचा खोका घेऊन गेला, तो गेलाच. पत्रांना उत्तर नाही. आई वाट बघतच वारली. एइजीच्या कोटाच्या खिशात राहिलेली निगेटिव्हची एक पट्टी तेवढी घरात उरली होती.

शिगेनो मिनोबेबाईंना काही बोलली नाही. काम मात्र तिने जीव ओतून केलं. फोटो भावाचा होता.

उद्घाटनाच्या सकाळी कुरामोची फोटोपुढे उभा राहून पाहुण्यांना सांगत होता, "चार तास मी एकटा उभा होतो. चिटपाखरू नव्हतं."

"डाव्या कोपऱ्यात काळं काय आहे हो, सर?" शिगेनोने विचारलं.

"खडक."

"ती माझी आई. तुम्हा दोघांना डबा घेऊन आली होती." तिने पट्टी मिनोबेबाईंच्या हातात दिली. "उजेडात धरा. या फोटोच्या लगेच पुढची चौकट. तोच किनारा, तीच होडी, आणि भाताचा गोळा खाणारे हे सर. मग कॅमेरा कुणाच्या हातात होता?"

मिनोबेबाईंनी पट्टी खिडकीशी धरली आणि बराच वेळ खाली घेतली नाही.

कुरामोची हळूच म्हणाला, "शिगेनो, घरी बसून बोलू."

"चाळीस वर्षं घरीच होते मी."

महिन्याभरात फोटोखाली हातानो एइजी हे नाव लागलं. कुरामोचीचे बाकीचे फोटोही भिंतीवरून उतरले. तो मिठाईचा खोका घेऊन तिच्या दारी आला, उंबऱ्याशी गुडघे टेकून बसला. म्हणाला, "एइजीपुढे एक उदबत्ती लावू दे."

"नाही," शिगेनो म्हणाली. दार तिने सावकाश लावलं, त्याला कडीचा आवाज नीट ऐकू जाईल असं. मग आत जाऊन गरम चहा प्यायली. कित्येक वर्षांत चहा इतका गोड लागला नव्हता.