ब्लुमा मावशीचं बिनमिठाचं अंडं

आमच्या ब्लुमा मावशीला ब्रुकलिनमधली आमची निम्मी गल्ली घाबरायची, कारण ती दिसली की खावंच लागायचं. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. बाईने चाळीस वर्षं शिवणाच्या कारखान्यात कोटांची काजं-बटणं केली. पर्समध्ये पैसे असोत नसोत, उकडलेलं अंडं असायचंच.

मी नऊ वर्षांचा असताना आई गेली. आम्हा ज्यूंच्यात दफन करून आल्यावर पहिला घास आपल्या घरचा चालत नाही, दुसऱ्याने आणायचा, आणि त्यात अंडं हवंच. मावशीने सोलून पुढे केलं. मी म्हटलं, "मीठ?"

"मीठ नसतं रे, हर्श्या. रडत रडत खा, आपोआप लागतं."

मला रडता रडता फिस्कन हसू आलं. तेवढ्यात तिने अख्खं अंडं भरवलं मला.

पुढे मी विनोदी सिनेमे लिहायला लागलो. आमच्याच लोकांवरच्या एका सिनेमात मावशीला जशीच्या तशी घातली: ती पर्स, दफन करून आलेल्या माणसाच्या मागे अंडं घेऊन धावणं, आणि ते मिठाचं वाक्य. नऊ वर्षांचं पोर तेवढं काढून टाकलं. त्याच्यामुळे लोक कमी हसले असते. काय हा नालायकपणा! लोकांनी थिएटर डोक्यावर घेतलं. माझ्या शेजारी बसलेली मावशीही हसली, जरा उशिरा. बाहेर आल्यावर म्हणाली, "छान लिहितोस हं." नेहमीसारखं जेवलास का, ते विचारलं नाही. त्या दिवसानंतर कधीच नाही. मला कळत होतं, तरी मी तोंड शिवून बसलो.

परवा वडील गेले. आमच्या सुतकाच्या रीतीप्रमाणे घरातले आरसे झाकलेले, मी बुटक्या स्टुलावर. खोलीभर माणसं, सगळ्यांनी सिनेमा पाहिलेला. ब्याऐंशी वर्षांची मावशी जिना चढून आली. तिने पर्स उघडली, तसं मागे कुणीतरी खुदकन हसलं. तिचा हात थांबला. मग तिने अंडं सोललं आणि माझ्या हातावर ठेवलं, गुपचूप.

मला ते वाक्य हवं होतं. त्याच्यासाठी जीव तुटत होता माझा. शेवटी मीच विचारलं, "मावशी, मीठ?"

"आत असेल," ती म्हणाली. "आणून देऊ का?"

मी नको म्हणून मान हलवली. रडू काही येईना. तसंच अळणी खाल्लं.